परसातला तलाव आणि आभाळाचं पाणी

घरच्या स्विमिंग पूलची निगा कशी राखावी, यावरची बहुतेक पुस्तकं आणि माहितीपत्रकं थंड देशांत लिहिलेली आहेत. तिकडे शरद ऋतूत तलावावर आच्छादन ओढतात, थंडीत पाणी गोठून पाईप फुटू नयेत म्हणून नळ्या रिकाम्या करून ठेवतात आणि मे महिना उजाडला की तलाव पुन्हा उघडतात. रायगड जिल्ह्यातल्या महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या फार्महाऊसवाल्याने हे वेळापत्रक जसंच्या तसं उचललं, तर तलाव उघडून महिना होतो न होतो तोच मृग लागेल. इथला बंद काळ पावसाळ्याचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात तलाव बंद करायचा, परतीचा पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या सुमाराला उघडायचा आणि पुढच्या मृगापर्यंत चालवायचा.

फरक एवढ्यावर संपत नाही. तलाव कशाने भरायचा, कधी भरायचा, त्यातलं पाणी कधी बदलायचं, या प्रत्येक प्रश्नाचं इथलं उत्तर वेगळं आहे.

मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपास आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्यालगत गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि होम-स्टे वाढले. मे महिन्यात मुंबई-पुण्याचा पाहुणा उकाड्याने हैराण होऊन येतो आणि पाटीवर ‘स्विमिंग पूल’ दिसला की तिथे गाडी वळवतो. त्याच मे महिन्यात याच दोन तालुक्यांतल्या डोंगरावरच्या वाड्यांना टँकरने पाणी पुरवावं लागतं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुलखाची ही अवस्था आहे. कातळाचे उभे उतार, वर मातीचा पातळ थर, मुरायला जागा थोडी. पडलेलं पाणी ओढ्यांतून सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांत उतरतं आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाऊन मिळतं.

अशा ठिकाणी घरामागे तलाव बांधणाऱ्याची पहिली जबाबदारी पाणी राखण्याची आहे. तलाव पावसाने भरावा, तेच पाणी वर्षानुवर्षं वापरावं आणि ते वापरण्याजोगं ठेवण्यामागचं शास्त्र नीट समजून घ्यावं. हे जमलं तर मे महिन्यात टँकर बोलावण्याची वेळ येत नाही.

हिशोबासाठी एक मध्यम आकाराचा तलाव धरू: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.३५ मीटर. यात ४३,२०० लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे चार टँकर रिते केले तरी तो पुरता भरत नाही. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचं मान ठरवलं आहे. त्या मानाने पाच माणसांच्या घराला हे पाणी १५७ दिवस पुरेल, म्हणजे पाच महिन्यांहून जास्त. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला की मे महिन्यात ‘पाणी हिरवं झालं, सोडून द्या आणि नवीन भरा’ हा सल्ला किती महाग आहे ते कळतं.

आता पावसाचा हिशोब. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी जमतं. पन्हळीतून सांडणारं, पहिल्या पावसात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन जाण्यासाठी सोडून दिलेलं असं वीस टक्के वजा केलं, तरी ८० लिटर हाती येतं. म्हणजे अवघ्या ५४० मिलिमीटर पावसात त्या छपराखालचा तलाव काठोकाठ भरतो. २०२१च्या जुलैत पोलादपूरच्या डोक्यावर, महाबळेश्वरला, एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच पावसाने महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. पाऊस इथे किती येऊ शकतो, हे या भागातल्या माणसांना आकड्यांनी सांगावं लागत नाही. एरवीच्या साध्या पावसाळ्यातही ५४० मिलिमीटर ही फार मोठी अपेक्षा नाही.

छपराचं पाणी सोडाच, तलावाच्या उघड्या तोंडात थेट पडणारा पाऊसही हिशोबात घ्यायला हवा. ३२ चौरस मीटरच्या तोंडात तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे ९६ हजार लिटर, तलावाच्या मापाच्या दुपटीहून जास्त. जास्तीचं पाणी वरच्या सांडव्याच्या पाईपने वाहून जातं आणि जाताना जुनं पाणी सोबत नेतं. पाणी नीट मिसळत गेलं असं धरलं, तर मोसम संपताना जुन्या पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा तलावात उरतो. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात पाणी उडून जातं, क्षार आणि रसायनं मात्र मागे साचत राहतात. म्हणून तिथे काही वर्षांनी तलाव निम्मा-अर्धा उपसून नव्याने भरावा लागतो. महाड-पोलादपूरमध्ये ते काम पाऊस दरवर्षी फुकट करतो. इथे तलाव रिकामा करण्याचं कारणच उरत नाही.

रिकामा न करण्याचं दुसरं कारण धोक्याचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर चढलेलं असतं. तलाव भरलेला असेल तर आतल्या पाण्याचा भार त्याला दाबून धरतो. साफसफाईसाठी कोणी भर पावसात तो उपसला, तर काँक्रीटचं रिकामं कवच होडीसारखं वर उचललं जाऊ शकतं. तळाच्या वर फक्त एक मीटर भूजल चढलं, तर ३२ चौरस मीटरच्या तळावर खालून ३२ टनांचा जोर येतो. फायबरचे तयार तलाव तर याहून लवकर उचलले जातात, आणि एकदा कवच तडकलं की ती दुरुस्ती नव्या बांधकामाच्या खर्चाला जाऊन भिडते. तलाव उपसावाच लागणार असेल तर तो एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना उपसावा. मग तो पुन्हा कशाने भरणार, हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून शक्यतो उपसूच नये.

पावसाळ्याचे चार महिने तलाव बंद असतो, पण बेवारस ठेवता येत नाही. डासाची अळी अंड्यातून बाहेर पडून डास होऊन उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि हिवतापाच्या ॲनोफिलिस डासाला स्वच्छ साचलेलं पाणी आवडतं. मालक किंवा राखणदार जागेवर असेल, तर रोज तास-दोन तास पंप चालवावा, आठवड्यातून दोन-तीनदा क्लोरीन टाकावं. मालक मुंबईला आणि घर कुलूपबंद असेल, तर सगळ्यात बरा उपाय गप्पी माशांचा. गावोगावच्या टाक्या-हौदांत आरोग्य विभाग हे मासे सोडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर ते मिळू शकतात. मात्र मासे सोडल्यावर क्लोरीन टाकायचं नाही, टाकलं तर ते मरतात. ऑक्टोबरमध्ये तलाव उघडायच्या आधी ते जाळीने काढून घरच्या हौदात ठेवावेत किंवा आरोग्य केंद्राला परत द्यावेत. ओढ्यात मात्र सोडू नयेत, कारण गप्पी हा आपल्याकडचा मासा नाही आणि ओढ्यातल्या मूळच्या लहान माशांशी तो खाण्यासाठी झगडतो.

तलाव नदीकाठी असेल तर पुराचाही विचार करावा लागतो. २००५ आणि २०२१, दोन्ही वेळा महाडच्या बाजारपेठेत घराघरांतून चिखल उपसावा लागला. पंप, मोटर आणि विजेचा बोर्ड पूररेषेच्या वर बसवणं हे तिथे बांधकामाच्या वेळीच ठरवायला हवं. पुराचं पाणी तलावात शिरलंच, तर ते मैला, डिझेल, उंदरांचं मूत्र असं सगळं घेऊन येतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यातून आणि चिखलातून, पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. अशा तलावात अनवाणी उतरायचं नाही. आणि भूजल खाली जाईपर्यंत तो उपसायचाही नाही.

दसरा आला, आभाळ मोकळं झालं की तलाव उघडायची तयारी सुरू होते. सुरुवात हाताने नको, काठीने. पाण्यावरचा पाला खेचून घेणाऱ्या स्किमरच्या डब्यात, पंपाच्या कोनाड्यात आणि आच्छादनाच्या घड्यांत पावसाळ्यात साप आसऱ्याला येतात. पाण्यात दिसणारा बहुधा बिनविषारी दिवड असतो, पण घोणस आणि मण्यारही या भागात आहेत. डबा उघडून आधी काठीने हलवून पाहावा, मगच आत हात घालावा.

त्यानंतर जाळीने पाला काढायचा. साग, ऐन, किंजळ यांची पानं तळाशी कुजत पडली असतील तर पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. हा रंग मुख्यतः पानांतल्या टॅनिनचा असतो आणि भरपूर क्लोरीनने उतरतो. पण पाला तसाच ठेवून वरून कितीही क्लोरीन ओतलं तरी त्याचा बराचसा भाग पाला जाळण्यातच खर्ची पडतो. म्हणून आधी झाडलोट, मग औषध. भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासून शेवाळाचा बुळबुळीत थर मोकळा करायचा. शेवाळ भिंतीला चिकटून असेपर्यंत क्लोरीन त्याच्या आतवर पोहोचत नाही.

आता पाणी तपासायचं, आणि इथे कोकणातल्या तलावाची खरी वेगळी गोष्ट सुरू होते. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या तलाववाल्याची तक्रार असते ती जड पाण्याची, टाईल्सवर साचणाऱ्या पांढऱ्या थराची. इथे उलट होतं. भुकेलं मऊ पाणी सिमेंटच्या गिलाव्यातला आणि टाईल्सच्या सांध्यांतला चुना विरघळवून आपली भूक भागवतं, आणि दोन-चार वर्षांत सांधे पोकळ होतात. त्यावर पहिला उपाय स्वयंपाकघरातलाच आहे: खायचा सोडा. तो पाण्याची अल्कलिनिटी वाढवतो, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद वाढवतो. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. हजार लिटरला १७ ग्रॅम सोड्याने ती १० मिलिग्रॅमने चढते. आपल्या ४३ हजार लिटरच्या तलावात ती ६० मिलिग्रॅमने वाढवायची तर साधारण साडेचार किलो सोडा लागेल. बादलीत विरघळवून, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा करून टाकावा.

गढूळ पाणी निवळायला तुरटी वापरतात हे घरोघरी माहीत आहे. पण तुरटी स्वतः अल्कलिनिटी खाते: एक मिलिग्रॅम तुरटीमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम. पावसाच्या कोऱ्या पाण्यात नुसतीच तुरटी टाकली तर गाळ नीट बसत नाही आणि पाणी आणखी आम्लधर्मी होतं. ‘तुरटी खराब निघाली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बरेचदा हेच कारण असतं. आधी सोडा, दुसऱ्या दिवशी तुरटी, हजार लिटरला ३० ते ५० ग्रॅम. मग पंप बंद ठेवून रात्रभर पाणी निश्चल राहू द्यायचं. सकाळी तळाशी लाल मातीचा मऊ गालिचा बसलेला दिसतो. तो व्हॅक्यूमच्या नळीने फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर सोडायचा. केळी-सुपारीच्या आळ्यात तो गेला तर वाया जात नाही, कारण हंगामाचा क्लोरीनचा मोठा डोस अजून पडलेला नसतो.

बोअरवेलचं पाणी मिसळलं असेल तर एक धक्का बसू शकतो. नितळ दिसणारं पाणी क्लोरीन टाकताच तांबूस होतं. पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीनशी संयोग होऊन गंजाच्या कणांत बदलल्याचं ते लक्षण आहे. घाबरून पाणी सोडून देऊ नये. फिल्टर सलग चालवला तर दोन-तीन दिवसांत ते कण वाळूत अडकतात.

क्लोरीन म्हणजे गावाकडच्या भाषेत टीसीएल पावडर. प्रत्येक ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत आणि टाकीत हीच पावडर टाकतो, पाण्याचे थेंब घेऊन ओटी टेस्ट करतो आणि पिवळा रंग किती गडद येतो ते पाहतो. पाण्याच्या स्रोतांची जोखीम पाहून गावांना हिरवी, पिवळी, लाल कार्डं मिळतात तीही आरोग्य विभागाच्या याच यंत्रणेतून. तलावाच्या मालकाने महागडा सल्लागार शोधण्याआधी या जलसुरक्षकाशी बोलावं. मऊ पाण्यात टीसीएल कशी वागते हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. ताज्या पावडरमध्ये क्लोरीनचं प्रमाण सुमारे ३३ टक्के असतं, पण कोकणच्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं तर ते झपाट्याने उतरतं. मोठी गोणी घेण्यापेक्षा लहान, घट्ट झाकणाचा डबा बरा. पावडर बादलीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तलावात ओतायची. हंगामाच्या सुरुवातीचा पहिला जोरदार डोस लिटरला १० मिलिग्रॅमचा धरला, तर आपल्या तलावाला ताजी टीसीएल सव्वा ते दीड किलो लागेल. हा डोस संध्याकाळी द्यावा, कारण ऊन क्लोरीनला खाऊन टाकतं.

पिण्याच्या पाण्यात नळाच्या तोंडाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं तरी चालतं. पोहण्याच्या पाण्यात ते १ ते ३ मिलिग्रॅम असावं लागतं, कारण त्यात माणसं घाम, तेल, थुंकी आणि कधी लघवीही सोडत असतात. पण नुसतं क्लोरीनचं प्रमाण पाहून भागत नाही. जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल पाण्यात किती राहणार हे सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. सामू ७.५ असताना क्लोरीनपैकी निम्मं या कामाच्या रूपात असतं, ८ झाला की पाव आणि ८.५ झाला की दहावा हिस्साच उरतो. शेतकरी जमिनीचा सामू तपासतो तसा तलाववाल्याने पाण्याचा आठवड्यातून दोनदा तपासावा आणि तो ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये ठेवावा. ओटी टेस्ट एकूण क्लोरीन दाखवते. मोकळं किती आणि अडकलेलं किती हे पाहायला डीपीडीच्या गोळ्यांचा संच घ्यावा. डोळे झोंबले, उग्र वास आला की लोक म्हणतात, ‘क्लोरीन फार झालं.’ बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं. तो वास घाम-लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो आणि त्यावर उपाय आणखी क्लोरीन हाच असतो.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल महाडमध्ये लिहायचं आणि चवदार तळ्याचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. नगरपालिकेने १९२४ सालीच हे तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो माणसांनी प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. त्यानंतर तळं ‘बाटलं’ म्हणून त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी ओतण्यात आल्या. माणसांचा तो घोर अपमान होता. पाण्याच्या शास्त्राने पाहिलं तर ते तळं घाण करणंच होतं, कारण असा प्रत्येक सेंद्रिय पदार्थ जंतूंचं खाद्य बनतो आणि पाण्यातला प्राणवायू खर्च करतो. त्याच्या सतरा वर्षं आधी, १९१० साली, अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात ब्लीचिंग पावडर वापरून पाणी निर्जंतुक करता येतं हे दिसून आलं होतं. पाणी कोणी शिवलं यापेक्षा त्यात काय पडलं, हे तपासण्याची साधनं जगात आलेली होती. चवदार तळ्यावरच्या हक्काचा दावा पुढे जवळजवळ दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला.

दिवाळी ते फेब्रुवारी हा तलावाचा सुखाचा काळ. पौष-माघात आंब्याचा मोहोर झडून पाण्यावर पिवळसर साय धरते आणि शिशिरात पानगळ होते, तेवढी रोज जाळीने काढली की झालं. परीक्षा सुरू होते मार्चमध्ये. रायगड जिल्ह्यातल्याच भिऱ्याला २०१७ च्या मार्चअखेर ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि त्या दिवशी देशभर या गावाचं नाव झालं. समुद्राचा वारा पोहोचत नाही अशा अंतर्भागातल्या या उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं. त्याला धरून ठेवायला सायन्युरिक आम्ल वापरतात, दुकानात ते ‘स्टॅबिलायझर’ या नावाने मिळतं. लिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या तलावाला सव्वा किलोच्या आसपास. पावसात ते वाहून जात असल्याने दर ऑक्टोबरात नव्याने घालावं लागतं. मात्र अति झालं तर ते क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की जंतू मरेनासे होतात. ५० च्या पुढे जाऊ देऊ नये.

उन्हाळ्यात पाणीही उडतं. दिवसाला ६ मिलिमीटर धरलं तर आपल्या तलावातून रोज १९० लिटर आणि एप्रिल-मे मिळून साडेअकरा हजार लिटर. रात्री आणि तलाव वापरात नसताना आच्छादन टाकलं तर यातलं बरंचसं वाचतं. दोन महिन्यांत एक मोठा टँकर वाचवणारी ही ताडपत्री तलावाच्या सगळ्या सामानात सर्वांत कामाची वस्तू आहे.

पाणी यापेक्षा वेगाने उतरत असेल तर गळती शोधावी. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी खडूने नोंदवायची आणि चोवीस तासांनी पाहायचं. बादलीतलं पाणी जितकं उतरलं त्याहून तलावातलं जास्त उतरलं तर तलाव गळतो आहे. महाड तालुक्यातल्याच रायगडावर याचा मोठा धडा आहे. हिरोजी इंदुलकरांच्या शिलालेखात गडावरच्या वास्तूंबरोबर विहिरी-तलावांचाही उल्लेख येतो. त्यातला गंगासागर वर्षभर पाणी धरतो. हत्ती तलाव मात्र गळतीमुळे पावसाळा सरला की कोरडा पडायचा आणि अलीकडे गळती शोधून दुरुस्ती झाल्यावरच त्यात पाणी ठरू लागलं. शेजारी-शेजारी, एकाच पावसाखालच्या दोन तलावांत एवढा फरक पडतो तो तळाच्या भेगांनी.

फिल्टरची वाळू धुण्यासाठी पाणी उलटं फिरवतात, त्याला बॅकवॉश म्हणतात. त्यात दर वेळी चारशे-पाचशे लिटर जातात. दर रविवारी सवयीने बॅकवॉश करण्यापेक्षा दाबाचा काटा पाहावा; वाळू स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा तो अर्धा किलोने चढला की मगच धुवावी. ते पाणी दोन दिवस उघड्या टाकीत उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातं आणि झाडांना घालता येतं.

स्वच्छतेत हयगय का करू नये, याचं ताजं उदाहरण केरळचं आहे. २०२४ आणि २०२५ साली तिथे मेंदूज्वर घडवणाऱ्या अमिबाचे बरेच रुग्ण आढळले, अनेक दगावले, आणि राज्य सरकारला विहिरी, टाक्या, तलाव क्लोरीनने शुद्ध करण्याची मोहीम घ्यावी लागली. हा अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. योग्य प्रमाणातल्या क्लोरीनपुढे तो टिकत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी मात्र नेहमीच्या क्लोरीनमध्येही कित्येक दिवस जगतो. म्हणून जुलाब झालेल्या माणसाने बरं झाल्यावरही दोन आठवडे तलावात उतरू नये, हा नियम पाहुण्यांना स्पष्ट सांगावा.

जिवावर बेतणाऱ्या चुका मात्र बहुतेक पाण्याबाहेर होतात. टीसीएल आणि क्लोरीनच्या तयार गोळ्या एकाच मगात किंवा एकाच डब्यात कधीही एकत्र करू नयेत, आग लागू शकते. टीसीएल आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. पाण्याखालचा दिवा १२ व्होल्टचाच असावा आणि पंपाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच असावा. तळाच्या जाळीचं झाकण सैल असेल तर त्या दिवशी कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. अमेरिकेत २००२ साली ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच पाणी शोषणाऱ्या तोंडावर अडकून बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे घरगुती तलाव तपासायला कोणी येत नाही, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे मालकाची. तलावाभोवती चार फुटी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक हा खर्च टाईल्सच्या आधी करावा.

गावातली मुलं पूर्वी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. आता कठडे उंच झाले, विहिरींवर जाळ्या आल्या, आणि नदीकाठच्या गावांतही पोहता न येणारी मुलं वाढली. ज्या खोऱ्यात सावित्री एका रात्रीत दारात येते, तिथे पोहता येणं ही चैन नाही. फार्महाऊसच्या मालकांनी हंगामात आठवड्याची एक सकाळ, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, गावातल्या मुलांसाठी राखून ठेवावी. फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागतो तेव्हाही हे चाळीस हजार लिटर पाणी उपयोगी पडू शकतं; ते कुठे आहे हे ग्रामपंचायतीला आधीच कळवून ठेवावं.

नवा तलाव बांधायचा विचार असेल तर आर्किटेक्टकडे जाण्याआधी छपराचं क्षेत्रफळ मोजा. पन्हळी बसवून, पहिला पाऊस सोडून, गणपतीपर्यंत तेवढ्या छपरावरून तलाव भरत असेल तर जरूर बांधा. भरत नसेल तर तलाव लहान करा. आणि टँकरशिवाय तो भरूच शकत नसेल, तर महाड-पोलादपूरमध्ये तो बांधू नका.